राहिलेल्या मराठी सिरियल बघून काढायच्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी लॅबमध्ये शिफ्ट ड्युटी आहे, त्यामुळे संध्याकाळी सातनंतरची कुठलीच सिरियल मला वेळेवर मिळत नाही. गेली कित्येक वर्षं मी सगळं मागाहूनच बघत आलेय, त्यामुळे नात्यातले, ड्युटीवरचे, बिल्डिंगमधले सगळे मलाच विचारतात की अमकी सिरियल कुठे मिळेल, कुठून सुरू करू, मधलं सोडलं तर चालेल का. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. एक गोष्ट आधीच सांगते, डेली सोप हा रोज थोडा थोडा बघायला बनवलेला असतो, म्हणून मागून बघताना तो निवडून बघायचा असतो, धान्य निवडतो तसा. खालची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीवरच उभी आहेत.

१. माझे दीडशे एपिसोड राहिलेत. आता बघून होतील का, की सोडूनच देऊ?

होतील, सोडू नका. हिशोब करून बघा. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती काढल्या की हातात राहतात २० ते २२ मिनिटं, त्यातून टायटल साँग, आधीचं रिकॅप आणि शेवटचं 'पुढील भागात' काढलं की साधारण १८. म्हणजे दीडशे एपिसोडचे ४५ तास झाले. रोज एक तास काढलात तर दीड महिना, असं वाटतं खरं, पण तेवढ्यात रोजचे नवीन एपिसोडही येत राहतात ना, आठवड्याचे सहा धरले तर त्यातच पावणेदोन तास जातात. उरलेल्या सव्वापाच तासांत मागचं भरायचं म्हटलं तर दोन महिने लागतात. आणि प्रश्न ५ मध्ये सांगितलंय तसं निवडून बघितलं तर तीन-चार आठवड्यांत तुम्ही आजच्या एपिसोडला येऊन पोचता.

सगळ्यात मोठा आकडा हवा असेल तर ई टीव्ही मराठीची 'चार दिवस सासूचे' घ्या, २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांच्या वर भाग झाले. रोज तासभर बघायचं म्हटलं तरी तीन वर्षं पुरेल. दीडशेचं काय घेऊन बसलात.

२. कुठली सिरियल कुठल्या अ‍ॅपवर असते?

चॅनल बघा, अ‍ॅप आपोआप कळतं. झी मराठीचं सगळं झी५ वर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्ही आता जिओहॉटस्टारवर. कलर्स मराठीचं आधी वूटवर असायचं, मग जिओसिनेमावर गेलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले, त्यामुळे जुन्या फोनमध्ये वूट शोधत बसू नका. सोनी मराठी सोनी लिव्हवर, सन मराठी सन नेक्स्टवर. दूरदर्शन सह्याद्रीचं बरंच जुनं यूट्यूबवर मिळतं.

एक घोळ नेहमी होतो. सिरियलचं नाव आठवतं पण चॅनल आठवत नाही, किंवा चॅनलचं नावच बदललेलं असतं. ई टीव्ही मराठीचं २०१५ मध्ये कलर्स मराठी झालं आणि झी मराठी १९९९ साली सुरू झालं तेव्हा अल्फा टीव्ही मराठी होतं. त्यामुळे 'अल्फावर लागायची' असं कुणी म्हटलं तर शोध झी५ वर घ्यायचा.

३. पैसे न भरता बघता येतं का?

काही भाग येतं, पण प्लॅन सारखे बदलत असतात, त्यामुळे आज फुकट असलेलं महिन्याभराने असेलच असं नाही. टीव्हीवरचं रिपीट टेलिकास्ट मात्र लोक विसरतात! रात्रीचा एपिसोड उशिरा रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी परत लागतो आणि सेट-टॉप बॉक्समध्ये रेकॉर्डिंग असेल तर प्रश्नच मिटला. यूट्यूबवर चॅनलवाले स्वतः जे टाकतात ते बऱ्याचदा छोटे तुकडे असतात, पूर्ण एपिसोड सगळ्यांचे मिळत नाहीत, पण कथा कळायला ते पुरतात. टेलिग्रामवर वगैरे जे फिरतं त्याच्या नादी लागू नका, त्यात एपिसोड उलटसुलट असतात आणि लिंकांमधून फोनमध्ये काय शिरेल सांगता येत नाही.

पैसे भरायचेच असतील तर एक महिन्याचं भरा आणि त्या महिन्यात एकाच अ‍ॅपवरच्या सिरियल संपवा, मग पुढच्या महिन्यात दुसरं अ‍ॅप. चार अ‍ॅपचे पैसे एकदम भरून चारही अर्धवट ठेवलेले लोक मी खूप बघितलेत.

४. जिथे सोडलं होतं तिथून सुरू करू की आजपासून?

दोन्हीकडून. आजचा एपिसोड आजच बघायला लागा, आणि मागचं वेगळ्या वेळेला बघा. सुरुवातीचे चार-पाच दिवस गोंधळ होतो, हा कोण, ही याच्याशी का बोलत नाही, पण पात्रं स्वतःच एकमेकांना सांगत असतात, 'तू माझ्या मुलीच्या बाबतीत जे केलंस ते मी विसरलेले नाही', आणि तेवढ्यातून सगळं कळतं. फायदा असा की घरात जेवताना चर्चा निघते तेव्हा तुम्ही बाहेरचे राहत नाही.

थरारक किंवा रहस्याच्या सिरियलला मात्र हे लावू नका, तिथे क्रमानेच बघायचं. 'असंभव' कुणी मधूनच बघितली तर त्यातला अर्धा जीव गेला.

५. सगळे एपिसोड बघायलाच पाहिजेत का? कुठले सोडले तर चालतात?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून सविस्तर.

आधी हे समजून घ्या की एपिसोड तसे का असतात. लिहिणाऱ्यांना माहीत असतं की बघणारी बाई पोळ्या लाटता लाटता बघतेय, कुकरची शिट्टी झाली की उठतेय, मधला एखादा दिवस लाइट गेलेत. म्हणून महत्त्वाची गोष्ट तीन वेळा सांगितली जाते, एकदा घडताना, एकदा ती कुणीतरी फोनवर दुसऱ्याला सांगताना आणि एकदा तिसरा कुणीतरी दाराआडून ऐकताना. रोज बघणाऱ्याला हे लागतं. मागून बघणाऱ्याला नाही लागत.

दुसरं, आठवड्याची एक चाल असते. सोमवारी शनिवारचा धक्का पुढे नेतात, मंगळवार-बुधवारी घरातले सगळे त्यावर बोलतात, गुरुवारपासून नवीन काहीतरी शिजायला लागतं आणि शनिवारी ते फुटतं. प्रत्येक आठवडा असाच असतो असं नाही, पण अडलात तर सोमवार आणि शनिवार बघा, मधले चार नुसते चाळा. मी अशा रीतीने महिन्याचे महिने भरून काढलेत.

तिसरं, प्रोमो. चॅनलच्या यूट्यूबवर त्या सिरियलचे प्रोमो तारखेप्रमाणे लावून बघा. प्रोमो ज्या प्रसंगाचा काढतात तोच त्या पंधरवड्याचा मुख्य प्रसंग असतो. साठ एपिसोडचे आठ-दहा प्रोमो निघतील, पाच मिनिटांत बघून होतात आणि कुठल्या तारखेचा एपिसोड नीट बसून बघायचा ते कळतं. ज्यांना काहीच आधी कळायला नको असतं त्यांनी प्रश्न १७ बघा.

चौथं, मोठ्या सिरियलचे खांब असतात. 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. तिचे खांब धरा: नवरा अनिरुद्धचं आणि संजनाचं प्रकरण नायिका अरुंधतीला कळतं तो काळ, घटस्फोटाचा काळ, आशुतोष तिच्या आयुष्यात येतो तो काळ आणि त्या दोघांचं लग्न. हे काळ पूर्ण बघा, एकही मिनिट न सोडता, कारण अरुंधतीचं गप्प राहणं आणि मग हळूहळू बोलायला लागणं हे चाळून कळत नाही. त्यांच्या मधल्या काळात घरातल्या बाकीच्यांचे ट्रॅक आहेत, ते आवडीप्रमाणे.

सण-वारांचे एपिसोड, म्हणजे गुढीपाडवा, वटपौर्णिमा, गणपती, संक्रांतीचं हळदीकुंकू, हे सोडावेत असं बरेच जण म्हणतात, मला ते पटत नाही. मोठी भांडणं नेमकी गणपतीच्या आरतीलाच होतात, सगळं घर एका ठिकाणी असतं ना. आणि मे महिन्याच्या उकाड्यात दिवाळीचा फराळ आणि कंदील बघायला मला स्वतःला फार छान वाटतं.

६. सलग पाच-सहा बघितले की डोकं उठतं. माझंच काही चुकतंय का?

नाही. कारण वर प्रश्न ५ मध्ये आलंय, ते रोज एक असंच बघायचं असतं. एका बैठकीत तीन, फार तर चार. आणि एकदम दोन वेगळ्या सिरियल घ्या, एक घरगुती आणि एक वेगळ्या जातीची, म्हणजे दोन सासू-सुनांच्या मध्ये 'लागिरं झालं जी'चं साताऱ्याकडचं गाव आलं की बरं वाटतं.

७. स्पीड वाढवून बघितलं तर चालतं का?

जिथे सोय आहे तिथे सव्वापट चालतं, आवाज नैसर्गिक वाटतो. दीडपट केलं की संवाद कळतात पण रडू येत नाही, असं माझं मत. यूट्यूबवर स्क्रीनच्या उजव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की १० सेकंद पुढे जातं, तीन जणांच्या चेहऱ्यावर आळीपाळीने कॅमेरा जातो आणि ढॅण ढॅण वाजतं तेव्हा एक-दोन टिचक्यांत काम होतं. स्पीडपेक्षा हे बरं. गाण्याच्या आणि शांत प्रसंगांना मात्र हात लावू नका.

८. वेळच मिळत नाही हो. तुम्ही कधी बघता?

तासभर सलग कुणालाच मिळत नाही. १८-२० मिनिटांची फट शोधायची, ती दिवसातून दोनदा तरी सापडते. लोकलने जाणाऱ्यांना ठाणे ते दादर एक एपिसोड आरामात होतो. मी सकाळी डबा भरून झाल्यावर चहाबरोबर एक आणि रात्री आल्यावर जेवताना एक. शिवाय काही कामं हात चालवायची असतात, डोळ्याला फार लागत नाही अशी, कपड्यांच्या घड्या, शेंगा सोलणं, त्याला घरगुती सिरियल चालते कारण ती निम्मी कानानेच कळते. ऐतिहासिक मात्र तशी बघू नका, 'स्वराज्यरक्षक संभाजी' घड्या घालत बघितली तर दरबारातलं कोण कुणाकडे बघतंय तेच निसटतं आणि तिथेच सगळं राजकारण आहे.

झोपताना अंधारात फोनवर बघू नका एवढंच सांगेन, शेवटी 'पुढील भागात' असं काही दाखवतात की अजून एक, अजून एक करत एक वाजतो आणि सकाळी पहिली शिफ्ट असते.

९. आईला/आजीला अ‍ॅप जमत नाही, तिच्या राहिलेल्या सिरियलचं काय करू?

माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तिचे जवळजवळ महिन्याभराचे एपिसोड बुडाले होते, म्हणून यातलं मला चांगलं माहितीये. अ‍ॅप शिकवत बसू नका लगेच. आधी तिच्या टीव्हीवर अ‍ॅप उघडून ती सिरियल 'माय लिस्ट' किंवा 'वॉचलिस्ट' म्हणजे स्वतःच्या यादीत टाकून ठेवा, म्हणजे पहिल्याच पानावर चित्र दिसतं आणि ते चित्र दाबायचं एवढंच राहतं. रिमोटच्या ओके बटणाला मी नेलपेंटचा लाल ठिपका लावून दिला. तीन दिवसांत जमलं.

आणि शक्य असेल तर बरोबर बसून बघा. आई मेथी निवडत बसायची आणि बंद डोळ्यावर हिरवी पट्टी, नुसतं ऐकायची, मी काय चाललंय ते सांगायचे, 'आता ती जिन्यावरून उतरली, हातात पाकीट आहे.' आणि आई म्हणायची, 'अगं ते मृत्युपत्र असणार, तू बघच.' तेच निघायचं. चाळीस वर्षं टीव्ही बघितलेल्या बाईला कथा कुठे जाणार ते आधी कळतं, त्यामुळे कुठले एपिसोड सोडायचे ते आईला विचारा, माझ्या प्रश्न ५ पेक्षा चांगलं सांगेल.

१०. मोबाइलचा डेटा संपतो.

क्वालिटी कमी करा. ४८० वर ठेवलं तर तासाला साधारण अर्धा जीबीच्या आसपास जातो, एचडीला त्याच्या दुप्पट-तिप्पट. फोनच्या छोट्या स्क्रीनवर सिरियल बघायला ४८० पुरतं. वायफाय असेल तिथे रात्री डाउनलोड करून ठेवा, गावाला जाताना घाटात रेंज जाते तेव्हा फार उपयोग होतो. डाउनलोड केलेलं काही दिवसांनी आपोआप उडतं, तेवढं लक्षात ठेवा.

११. मी परत सुरू केली तर एकदम मुलं मोठी झालेली! मधलं काय राहिलं?

लीप झाला. लीप म्हणजे कथा एकदम पाच, सात, कधी पंचवीस वर्षं पुढे नेतात. तुमचे राहिलेले एपिसोड लीपच्या आधीचे असतील तर खरं सांगायचं तर काम सोपं होतं. लीपच्या आधीचे शेवटचे दहा-बारा आणि लीपनंतरचे पहिले दहा बघा, कारण पहिल्या दहामध्ये सगळं जुनं परत समजावून सांगतात.

अवघड अपवाद एक आहे. 'सुख म्हणजे नक्की काय असतं' मध्ये लीपनंतर पुनर्जन्म आहे, गौरी-जयदीपचे तेच कलाकार नित्या आणि अधिराज म्हणून येतात. तिथे आधीचं बघितलेलं नसेल तर त्यांना काय आठवतंय आणि आपण का रडायचं हेच कळत नाही, म्हणून लीपच्या आधीचे थोडे जास्त, तीसेक तरी बघा.

१२. पात्र तेच पण बाई वेगळी. मी भलतीच सिरियल लावली का?

नाही, कलाकार बदलला. होतं असं, कुणी शिकायला जातं, कुणाला नाटक-सिनेमा मिळतो, कुणाला बरं नसतं. 'माझ्या नवऱ्याची बायको' मध्ये शनाया आधी रसिका सुनील होती, मग ईशा केसकर आली आणि नंतर परत रसिका सुनील, त्यामुळे मधूनच कुठलाही एपिसोड लावला तर घोळ होतोच. 'रात्रीस खेळ चाले'ची शेवंता तिसऱ्या भागात अपूर्वा नेमळेकरच्या जागी कृतिका तुळसकर झाली. 'अग्गंबाई सासूबाई' संपून 'अग्गंबाई सूनबाई' आली तेव्हा आसावरी आणि अभिजित राजे तेच राहिले पण शुभ्रा आणि सोहम दोघंही बदलले.

नवीन माणसाला चार-पाच एपिसोड द्या. मी एकदा रागाने महिनाभर सिरियल बंद ठेवली होती आणि नंतर बघितलं तर त्या मुलीने किती जीव ओतून केलं होतं.

१३. २०२० आणि २०२१ चे एपिसोड बघताना काहीतरी तुटल्यासारखं वाटतं, ते का?

कोविड. १९ मार्च २०२० पासून शूटिंग थांबलं, मग जुनेच एपिसोड परत परत दाखवत होते आणि नवीन भाग १३ जुलैपासून सुरू झाले. मध्ये जवळजवळ साडेतीन महिन्यांची फट आहे, तुमच्याकडून काही सुटलेलं नाही. त्यानंतरचे सुरुवातीचे भाग नीट बघा, माणसं एकमेकांपासून लांब उभी असतात, गर्दीचं लग्न नसतं, वयस्कर पात्रं बरेच दिवस दिसतच नाहीत. पुढे एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात परत बंदी आली तेव्हा बऱ्याच युनिट गोवा, सिल्वासा, दमण, बेळगाव अशा ठिकाणी गेल्या, म्हणून अख्खं कुटुंब अचानक कुठल्यातरी रिसॉर्टवर किंवा नातेवाइकांच्या बंगल्यात राहायला गेलेलं दिसतं. मे महिन्यात गोव्यातही शूटिंग बंद करावं लागलं.

हे एपिसोड कथेच्या दृष्टीने सोडले तरी चालतात. पण मी सोडायला सांगणार नाही. तेव्हा आमची लॅब चोवीस तास चालू होती, घरी आलं की आंघोळ करून लांबच बसायचं आणि टीव्हीवर ती ओळखीची माणसं परत दिसली तेव्हा काय वाटलं होतं ते अजून आठवतं. घरदार सोडून बायोबबलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कुणाशी संपर्क न ठेवता एकाच जागी राहून त्यांनी ते केलंय.

१४. मध्येच दुसऱ्याच सिरियलची माणसं घरात आली!

महासंगम. दोन सिरियल आठवडाभर एकत्र करतात आणि सलग तासभर दाखवतात. अ‍ॅपवर पंचाईत अशी होते की निम्मा भाग एका सिरियलच्या यादीत आणि निम्मा दुसऱ्या. तारीख जुळवा, ज्या सिरियलची टीव्हीवरची वेळ आधीची तिचा एपिसोड आधी बघा, मग दुसरीचा. महासंगम संपल्यावर मूळ कथा बहुतेक वेळा तिथेच असते, त्यामुळे घाई असेल तर पूर्ण सोडा.

१५. 'रात्रीस खेळ चाले' आणि 'देवमाणूस' कुठल्या क्रमाने बघायच्या?

'रात्रीस खेळ चाले'चा पहिला भाग २०१६ चा, दुसरा २०१९ मध्ये सुरू झाला, तिसरा २०२१ मध्ये. पण गोष्ट काळाप्रमाणे लावली तर दुसरा भाग सगळ्यात आधीचा आहे! पहिल्यात अण्णा नाईक जातात आणि सगळं कुटुंब वाड्यावर जमतं तिथून सुरुवात, दुसऱ्यात अण्णा जिवंत असतानाचा काळ, शेवंता वगैरे, आणि तिसरा पहिल्याच्या पुढचा. यावर आमच्याकडे मोठी वादावादी होते. काही जण म्हणतात २-१-३ असं काळाप्रमाणे बघा. मी म्हणते १-२-३, जसा दाखवला तसाच, कारण पहिल्या भागात अण्णांबद्दल नुसती कुजबुज ऐकू येते, तो माणूस कसा असेल याची भीती मनात साठते आणि मग दुसऱ्या भागात अण्णा झालेले माधव अभ्यंकर ओटीवर येऊन उभे राहतात तेव्हा अंगावर काटा येतो. उलट बघितलं की तो काटा गेला. मालवणी कळणार नाही अशी धास्ती घेऊ नका, त्यातला पांडू पहिल्यांदा 'इसारलंय' (विसरलोय) म्हणेपर्यंत कान सरावतो. आकेरीला, सावंतवाडीजवळ शूटिंग झालंय, त्या वाड्याची आणि पावसाची हवा फोनवर कळत नाही, जमलं तर टीव्हीवर बघा.

'देवमाणूस' २०२०-२१, दुसरा भाग २०२१-२२ आणि 'मधला अध्याय' २०२५ मध्ये सुरू झाला. नावात मधला असला तरी नवीन माणसाने आधी पहिलाच भाग बघावा, डॉक्टर कोण आहे ते त्यातच कळतं. आमच्या साताऱ्याकडे वाईत २०१६ साली उघडकीला आलेल्या खऱ्या प्रकरणावरून सुचलेली गोष्ट आहे, त्यामुळे एकटं असताना रात्री बघू नका, विशेषतः लहान गावात राहत असाल तर.

'दिल दोस्ती दुनियादारी' आणि 'दिल दोस्ती दोबारा' यांना क्रम नाही. मुलं तीच, पण गोष्ट आणि पात्रं पूर्ण वेगळी.

१६. हिंदीत बघितलीये, मग मराठी बघण्यात अर्थ आहे का?

आहे. आणि कुणी कुणाची उचलली ते नीट माहीत असू द्या. 'अनुपमा' आणि 'आई कुठे काय करते' दोन्ही बंगाली 'श्रीमोयी'वरून आल्या आणि त्यात मराठी आधी, डिसेंबर २०१९ ला, हिंदी जुलै २०२० ला. 'ठरलं तर मग' तमिळ 'रोजा'वरून आहे. 'होणार सून मी ह्या घरची' तर आपल्याकडून हिंदीत गेली. सांगाडा सारखा असला तरी घर वेगळं असतं. अरुंधती गाणं म्हणते, तिच्या स्वयंपाकघरातली भांडी आपल्या घरातली वाटतात, कोण कुणाला अहो म्हणतं आणि कोण अरे, यावरून नातं कळतं. हा फरक बघायचा असेल तर बघाच. नुसतं पुढे काय होणार एवढंच हवं असेल तर मूळ सिरियलची कथा तुम्हाला माहीत आहे, अर्थात मराठीत शेवट बऱ्याचदा वेगळीकडे जातो.

१७. घरातले लोक आणि प्रोमो सगळं आधीच सांगून टाकतात. काय करू?

चॅनलचं पेज फॉलो केलं असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. अ‍ॅपमधल्या एपिसोडच्या नावातच सगळं लिहिलेलं असतं, 'अमक्याला सत्य कळणार', म्हणून यादीत खाली स्क्रोल करू नका, 'नेक्स्ट एपिसोड'चंच बटण दाबा. झी५ वर पैसे भरलेल्यांना एपिसोड टीव्हीच्या आधी मिळतो, म्हणजे घरात असं कुणी असेल तर ते रात्रीचं सकाळीच सांगतील, त्यांना आधी विनंती करा. तरीही कळलंच तर फार वाईट वाटून घेऊ नका. काय होणार ते कळलं तरी कसं होतं ते बघायचं राहतंच.

१८. जुन्या सिरियल बघायच्यात, पण दोन-तीन वर्षं अडकायचं नाहीये. कुठून सुरू करू?

'एका लग्नाची दुसरी गोष्ट'. जानेवारी ते ऑगस्ट २०१२, जेमतेम आठ महिन्यांत गोष्ट सांगून संपवली, ताणली नाही, मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी, आणि घरातली सगळी मंडळी इतकी मायेची की कुणीच वाईट नाही. मग 'उंच माझा झोका', रमाबाई रानडे यांच्यावरची, यात एपिसोड चाळायचे नाहीत. लहान रमा अंधारात पाटी घेऊन बसते तिथपासून नीट बघायची. रहस्य हवं असेल तर 'असंभव' आणि स्टार प्रवाहची 'अग्निहोत्र', नाशिकचा वाडा आणि आठ गणपती. 'आभाळमाया' आणि 'वादळवाट' मोठ्या आहेत, त्यांना सुट्टी लागते.

जुन्यांची अडचण एकच, सगळे भाग सलग मिळतीलच असं नाही. आधी यादी उघडून पहिला, मधला आणि शेवटचा भाग चालतो का ते बघा, मगच सुरुवात करा. माझं एकदा एका अ‍ॅपवर निम्मी सिरियल बघून झाल्यावर पुढचे भागच गायब झाले होते, चार दिवस चैन पडली नाही.

१९. आम्ही अमेरिकेत आहोत, इथे कसं जमवायचं?

भारतात रात्री ८ ला लागणारी सिरियल न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळी साडेदहाला पडते, हिवाळ्यात साडेनऊला. म्हणजे वेळेवर बघणं विसरा, तुम्ही संध्याकाळी जेवताना बघा, तेव्हा भारतात पहाट असते आणि सांगायला कुणी जागं नसतं, प्रश्न १७ आपोआप सुटतो. झी५ तिकडे रीतसर मिळतं. बाकी अ‍ॅपचं देशादेशाप्रमाणे बदलतं, पैसे भरायच्या आधी तुमची सिरियल यादीत दिसते का ते तपासा. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते, ती आणि मावशी रविवारी व्हिडिओ कॉल लावून दोघी एकाच वेळी एपिसोड सुरू करतात, 'एक, दोन, तीन' म्हणून, आणि मध्ये कुणाचं अडकलं तर दोघी थांबतात.

२०. सिरियल बंद होणार असं ऐकतेय. मग मागचं बघत बसू का?

उलट आता बघा. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि ते घसरत गेले की वेळ बदलतात, दुपारी टाकतात, मग बंद करतात. बंद करायचं ठरलं की शेवटच्या तीन-चार आठवड्यांत सगळे अडकलेले धागे भराभर सोडवतात, त्यामुळे तो भाग बघायला फार वेगवान असतो. तो आत्ताच रोजच्या रोज बघा, आणि मागचं नंतर. शेवट माहीत असताना मागचं बघणं कसं वाटेल असं वाटत असेल, पण मी 'माझी तुझी रेशीमगाठ' तशीच बघितली, शेवट आधी आणि मग छोट्या परीचे पहिले एपिसोड. परी आणि यश यांची पहिली गाठ पडते ते बघताना मला पुढचं सगळं माहीत होतं, म्हणूनच जास्त भरून आलं.